एका बोर्डाचा संगणक घेताना: वॉट, चित्र आणि ड्रायव्हर

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत आज तळहाताएवढा संगणक मिळू शकतो. खोक्यावर चार किंवा आठ कोअर, अमुक गिगाहर्ट्झ, फोर-के व्हिडिओ, माली नाहीतर पॉवरव्हीआर ग्राफिक्स असे सगळे छापलेले असते आणि ते बहुधा खोटे नसते. तरीही घरी आणून टीव्हीला जोडला की कधी व्हिडिओ अडखळतो, खिडकी सरकवताना पडदा थरथरतो, प्रोसेसरचे चारही कोअर शंभर टक्क्यांवर जातात आणि बोर्डाला हात लावता येत नाही इतका तो तापतो. ग्राफिक्सचा भाग मात्र त्याच चिपवर रिकामा बसलेला असतो, कारण त्याला काम सांगणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, त्या बोर्डावर आलेलेच नसते.

म्हणून अशा खरेदीत गिगाहर्ट्झ सर्वात शेवटी पाहावेत. आधी काम ठरवावे. मग त्या कामाला चिपचा कोणता भाग लागतो ते पाहावे, आणि त्या भागाचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) आला आहे का, याची खात्री करून घ्यावी. खोक्यावरचा आकडा पुढच्या वर्षी जुना होतो, पण चांगला ड्रायव्हर असलेला बोर्ड दहा वर्षेही कामाला येतो.

कमी विजेवर चालणारा प्रोसेसर ही कल्पना मोबाइलच्या लाटेच्या बरीच आधीची आहे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली आर्म चिप २६ एप्रिल १९८५ रोजी तयार होऊन हाती आली. ती स्वस्त प्लॅस्टिकच्या वेष्टनात बसावी म्हणून तिचा विजेचा खप एक वॉटच्या आत ठेवायचा होता. चाचणीच्या वेळी फर्बर यांनी वीजप्रवाह मोजायला मीटर लावला, तर तो शून्य दाखवत होता आणि चिप मात्र प्रोग्रॅम चालवत होती. शोध घेतल्यावर कळले की चिपचा वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. शेजारच्या सर्किटकडून संकेतांच्या तारांवाटे जी थोडीशी वीज झिरपत होती, तेवढ्यावर ती चालली होती. रास्पबेरी पाय, ऑरेंज पाय, बीगलबोन, रॉक अशा बहुतेक छोट्या बोर्डांवर आज याच घराण्यातले प्रोसेसर आहेत.

चिपमधली बरीचशी वीज ट्रान्झिस्टर उघडमीट करताना खर्च होते. हा खर्च गतीच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या बाबतीत तो वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गती वाढवायची तर व्होल्टेजही चढवावे लागते, आणि तिथेच हिशेब बिघडतो. गती दीडपट केली आणि त्यासाठी व्होल्टेज सव्वापट लागले, तर काम दीडपटच होते. विजेचा खर्च मात्र सुमारे २.३ पट होतो. बोर्ड ठरलेल्या गतीपेक्षा जास्त पळवण्याची हौस अनेकांना असते. पंखा, मोठा अडॅप्टर आणि वाढलेली उष्णता हिशेबात धरली, तर रोज चोवीस तास चालणाऱ्या बोर्डावर ती हौस न केलेलीच बरी.

कोअरच्या नावांतही बरीच माहिती दडलेली असते. कॉर्टेक्स-ए५३ आणि ए५५ हे काटकसरी कोअर आहेत. ते आज्ञा आल्या त्याच क्रमाने पार पाडतात, त्यामुळे लहान राहतात आणि कमी तापतात. ए७२ आणि ए७६ पुढच्या आज्ञा आधीच उचलून जमेल त्या क्रमाने उरकतात. ते वेगवान असतात, पण वीजही जास्त खातात. आर्मने २०११ मध्ये दोन्ही प्रकार एकाच चिपवर ठेवण्याची रीत आणली. आज रॉक ५बी आणि ऑरेंज पाय ५ या बोर्डांवर असलेल्या रॉकचिप आरके३५८८ घराण्याच्या चिपमध्ये चार ए७६ आणि चार ए५५ आहेत. ‘आठ कोअर’ एवढे वाचून समाधान मानू नये, त्यांत मोठे किती आणि लहान किती हे विचारावे. चार ए७६ असलेला बोर्ड आठ ए५३ वाल्यापेक्षा रोजच्या वापरात पुष्कळच चपळ वाटतो.

विजेचे आकडे प्रत्यक्षात कसे दिसतात? रास्पबेरी पाय (पुढे नुसते ‘पाय’) झिरो टू डब्ल्यू मोकळा असताना एक वॉटच्या आतच राहतो. पाय ४ मोकळा असताना तीन वॉटच्या आसपास असतो, तर पाय ५ सगळे कोअर कामाला जुंपल्यावर दहाएक वॉटपर्यंत जातो. सरासरी पाच वॉट धरले तर महिनाभर अखंड चालवून ३.६ युनिट होतात. साठ वॉटचा जुना डेस्कटॉप तेवढाच वेळ चालवला तर ४३ युनिट. सौर पॅनेलवर किंवा वारंवार वीज जाणाऱ्या गावात हा फरक बिलापेक्षाही मोठा ठरतो. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या छोट्या बॅटरीत ८४ वॉट-तास ऊर्जा असते. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये हे धरले, रूपांतरातली गळती वजा केली, तरी पाच वॉटचा बोर्ड सात तास निघतो. डेस्कटॉप त्याच बॅटरीवर पाऊण तासही टिकणार नाही.

आता चित्राकडे. ग्राफिक्स हा एकच शब्द सगळे वापरतात, पण चिपवर त्याचे तीन स्वतंत्र विभाग असतात आणि खरेदीतला बहुतेक घोळ या तिघांची सरमिसळ झाल्यामुळे होतो. पहिला विभाग पडद्याचा. तो मेमरीत तयार असलेले चित्र उचलतो आणि एचडीएमआयवरून सेकंदाला साठ वेळा बाहेर पाठवतो. दुसरा विभाग म्हणजे जीपीयू: त्रिकोण, पोत, सावल्या, खेळांतली त्रिमिती, आणि हल्ली ब्राउझरचे पान व डेस्कटॉपच्या खिडक्या एकमेकांवर रचण्याचे कामही तोच करतो. तिसरा विभाग व्हिडिओ उलगडण्याचा. दाबून लहान केलेली एच.२६४ किंवा एच.२६५ फाइल उलगडून एकेक चित्र तयार करणे एवढेच त्याचे काम, पण ते तो अत्यंत कमी विजेत करतो.

या तीन विभागांचे आराखडे वेगवेगळ्या कंपन्यांचे असू शकतात. प्रत्येकाला वेगळा ड्रायव्हर लागतो. एक चालला म्हणून दुसरा चालेलच असे नाही.

याचे ठळक उदाहरण आरके३५८८ चेच. ही चिप असलेले बोर्ड २०२२ पासून लोकांच्या हाती आहेत आणि तिच्यावर माली-जी६१० हा तगडा जीपीयू आहे. लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये या जीपीयूचा पॅन्थर नावाचा ड्रायव्हर आला तो जुलै २०२४ मध्ये, ६.१० या आवृत्तीत. एचडीएमआयवर चित्र पाठवणारा भाग त्यानंतरच्या ६.१३ मध्ये दाखल झाला, म्हणजे जानेवारी २०२५ उजाडला. मधल्या काळात मूळ कर्नलला त्रिमिती चित्र रचता येत होते, पण ते एचडीएमआयच्या पडद्यावर दाखवता येत नव्हते! व्हिडिओ उलगडणाऱ्या विभागाचा आधार तर तुकड्यातुकड्यांनी येत राहिला. तोवर लोक रॉकचिपने दिलेल्या जुन्या, बाजूला फुटलेल्या कर्नलवर काम भागवत होते. त्यावर सगळे चालायचे, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या मूळ कर्नलच्या वेगाने तिथे पोचत नाहीत. आज हाच बोर्ड घेणाऱ्याची परिस्थिती दोन वर्षांपूर्वी घेणाऱ्यापेक्षा कितीतरी चांगली आहे. नवी चिप बाजारात आल्या आल्या घेण्यापेक्षा थोडे थांबावे, ते यासाठी.

रास्पबेरी पायची कथा याहून लांब आहे आणि ती समजून घेतली की बाकीचे बरेच समजते. पहिला पाय २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरला विक्रीस आला. त्यातली ब्रॉडकॉमची बीसीएम२८३५ ही चिप मुळात चित्र दाखवणाऱ्या यंत्रांसाठी होती. रोकू २ या टीव्हीला जोडायच्या डबीतही तीच होती. तिचा प्रोसेसर ७०० मेगाहर्ट्झचा साधा आर्म११, पण व्हिडिओकोअर-४ हा ग्राफिक्सचा भाग फुल एचडी व्हिडिओ आरामात दाखवायचा. बोर्ड सुरू होताना आधी हा ग्राफिक्सचा भागच जागा होतो आणि मग तो प्रोसेसरला उठवतो. गैरसोय एवढीच होती की त्याचे सगळे सॉफ्टवेअर बंद पेटीतले. काही विभाग तर कुलपात होते: एमपीईजी-२ आणि व्हीसी-१ व्हिडिओ चालवायचे तर परवान्याची किल्ली वेगळे पैसे देऊन विकत घ्यावी लागे. हार्डवेअर हातात असूनही परवान्याअभावी ते गप्प बसू शकते, ही गोष्ट तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा कळली.

फेब्रुवारी २०१४ च्या अखेरीस ब्रॉडकॉमने व्हिडिओकोअर-४ चे कागदपत्र खुले केले. रास्पबेरी पाय फाउंडेशनने लगेच दहा हजार डॉलरचे बक्षीस लावले: खुल्या ड्रायव्हरवर ‘क्वेक थ्री’ हा खेळ पायवर खेळण्याजोग्या वेगाने चालवून दाखवा. सायमन हॉल यांनी ते जिंकले. त्याच वर्षी एरिक अॅनहोल्ट ब्रॉडकॉममध्ये रुजू झाले आणि त्यांनी मूळ कर्नल व मेसा या दोन्हींसाठी नव्याने खुला ड्रायव्हर लिहायला घेतला. मेसा हा ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला मुक्त ग्राफिक्स प्रकल्प. लिनक्सवर ओपनजीएल आणि वल्कन या चित्र काढण्याच्या प्रमाण पद्धती बहुतेक ठिकाणी तोच पुरवतो. पुढे पाय ४ साठीचा वल्कन ड्रायव्हर स्पेनमधल्या इगालिया या सहकारी तत्त्वावर चालणाऱ्या संस्थेने लिहिला. २०२० मध्ये त्याला वल्कन १.० चे आणि २०२२ मध्ये वल्कन १.२ चे अधिकृत प्रमाणपत्र मिळाले. ज्यांनी २०१९ मध्ये पाय ४ घेतला, त्यांच्या बोर्डाला ही क्षमता तीन वर्षांनी, एक पैसा न देता, नुसत्या अद्ययावतीकरणातून मिळाली. चांगल्या आधाराचा अर्थ याहून नेमका सांगता येणार नाही.

मालीचा मार्ग वेगळा. हा जीपीयू आर्मचा असला तरी आर्मने त्याचा खुला ड्रायव्हर कित्येक वर्षे दिला नाही. मग बाहेरच्या मंडळींनी चिप कशी वागते ते पाहून पाहून ड्रायव्हर लिहिला. जुन्या माली-४०० साठी लिमा आणि त्यानंतरच्या पिढ्यांसाठी पॅनफ्रॉस्ट. पॅनफ्रॉस्टच्या कामात अलिसा रोझेनझ्वाइग यांचे नाव आवर्जून घ्यावे लागते. दोन्ही ड्रायव्हर २०१९ मध्ये लिनक्सच्या ५.२ आवृत्तीत आले. त्यामुळे ऑलविनर एच३ सारखी चिप असलेले स्वस्त ऑरेंज पाय, ज्यांच्यासाठी आधी विशिष्ट जुने कर्नल शोधत बसावे लागे, ते एकाएकी साध्या आधुनिक लिनक्सवर चालू लागले. मर्यादा अर्थात हार्डवेअरची: माली-४०० ओपनजीएल ईएस २.० च्या पुढे जात नाही, आणि काही नव्या सॉफ्टवेअरला ३.० लागते.

पॉवरव्हीआरचा अनुभव अनेक वर्षे कडू होता. २०१३ च्या बीगलबोन ब्लॅकवर या घराण्याचा एसजीएक्स५३० आहे आणि त्याच्या बंद ड्रायव्हरने लिनक्सवाल्यांना बराच छळ सोसायला लावला. पॉवरव्हीआर आखणाऱ्या इमॅजिनेशन कंपनीने आता धोरण बदलले आहे. तिच्या नव्या जीपीयूंचा खुला ड्रायव्हर २०२४ मध्ये ६.८ या कर्नलमध्ये दाखल झाला आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एएम६२ या चिपपासून सुरुवात झाली. बीगलप्ले बोर्डावर हीच चिप आहे. जुन्या एसजीएक्सवाल्यांना मात्र याचा उपयोग नाही. क्वालकॉमच्या अॅड्रेनोसाठी फ्रीड्रेनो आणि एनएक्सपीच्या आय.एमएक्स चिपांवरच्या विवांटेसाठी एटनाविव हे खुले ड्रायव्हर चांगले रुळलेले आहेत, एवढे इथे नोंदवून पुढे जाऊ.

व्हिडिओची बाजू सर्वात फसवी आहे. ‘फोर-के’ हा शब्द वाचला की पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे: कोणत्या स्वरूपातला फोर-के? पाय ४ चे हार्डवेअर एच.२६५ मधला फोर-के व्हिडिओ सेकंदाला साठ चित्रांनी दाखवते, एच.२६४ मात्र फुल एचडीपर्यंतच. यूट्यूब आपले फोर-के व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ या स्वरूपांत देते, आणि ती दोन्ही उलगडणारे हार्डवेअर पाय ४ वरही नाही आणि पाय ५ वरही नाही. म्हणजे पेन ड्राइव्हवरचा एच.२६५ चित्रपट सुंदर चालतो आणि यूट्यूबवरचा फोर-के सगळा प्रोसेसरच्या माथी बसतो. बोर्डात दोष नाही. खोक्यावर अर्धेच सांगितलेले असते.

पाय ५ बद्दल आणखी एक गोष्ट माहीत हवी. सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या या बोर्डाचा प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झच्या चार ए७६ कोअरचा आहे, जीपीयूही नवा आहे, पण एच.२६४ उलगडणारा विभाग त्यातून काढून टाकला आणि व्हिडिओ दाबून लहान करणारा विभागही ठेवला नाही. नवा प्रोसेसर इतका जोरकस आहे की फुल एचडी एच.२६४ तो सॉफ्टवेअरनेच उलगडतो, आणि घरच्या वापरात ते जाणवतही नाही. कॅमेऱ्याचे चित्रीकरण चोवीस तास दाबून साठवायचे किंवा नेटवर्कवर पाठवायचे असेल, तर मात्र जुना पाय ४ अधिक सोयीचा. त्याच्याकडे त्या कामाचे हार्डवेअर आहे आणि प्रोसेसर थंड राहतो. नवे मॉडेल प्रत्येक कामाला चांगलेच असते, हे गृहीत धरू नये.

मेमरीचा हिशेबही एकदा मांडून पाहावा. छोट्या बोर्डांवर ग्राफिक्सची वेगळी मेमरी नसते. प्रोसेसर, जीपीयू आणि पडदा एकाच मेमरीतून घेतात. फोर-के पडद्याचे एक चित्र ३८४० गुणिले २१६० गुणिले चार बाइट, म्हणजे सुमारे ३३ मेगाबाइट. सेकंदाला साठ वेळा ते नुसते वाचायचे तर दोन गिगाबाइट लागतात, आणि हे काहीही न हलवता, स्थिर डेस्कटॉपसाठी. पाय ४ च्या मेमरीची कागदावरची कमाल गती सेकंदाला १२.८ गिगाबाइट आहे. तिचा सहावा हिस्सा इथेच गेला. फुल एचडी पडद्याला याच्या एक चतुर्थांश पुरते. टीव्ही फोर-के असला तरी बोर्डाच्या सेटिंगमध्ये १९२० बाय १०८० ठेवले, की सुस्त वाटणारा डेस्कटॉप हलका होतो. फुकटातली आणि लगेच गुण देणारी युक्ती हीच.

तर कोणत्या कामाला काय घ्यावे?

ग्रामपंचायतीच्या, वाचनालयाच्या किंवा दवाखान्याच्या दर्शनी भागात सूचना दाखवणारा पडदा हवा असेल, तर मोठ्या जीपीयूची काही गरज नाही. स्थिर चित्रे आणि सरकत्या ओळी पाय ३, पाय ४ किंवा एच३ वाला बोर्ड सहज सांभाळतो. इथे ग्राफिक्सपेक्षा मराठी अक्षरांची काळजी घ्यावी. जोडाक्षरे आणि वेलांट्या जागच्या जागी बसवण्याचे काम लिनक्सवर बहुतेक ठिकाणी हार्फबझ हे सॉफ्टवेअर करते आणि ते प्रोसेसरवर चालते. लोहित किंवा नोटो देवनागरी फॉन्ट बसवलेला नसेल तर अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात, आणि सूचना दाखवणारे सॉफ्टवेअर हार्फबझ वापरत नसेल तर ‘क्त’ आणि ‘र्थ’ फुटून पडतात. बोर्ड भिंतीवर चढवण्याआधी एक अवघड मराठी परिच्छेद लावून पाहावा.

घरी चित्रपट पाहायला संगणक हवा असेल त्यांनी लिबरइलेक ही हलकी प्रणाली ज्या बोर्डांना आधार देते तेवढेच बोर्ड विचारात घ्यावेत. ही मंडळी व्हिडिओ उलगडण्याच्या हार्डवेअरवर बारकाईने काम करतात, त्यामुळे त्यांची यादी हीच एक चाळणी आहे. सगळा भर यूट्यूब आणि ब्राउझरवर असेल, तर इंटेल एन१०० हा सहा वॉटच्या गटातला प्रोसेसर गंभीरपणे पाहावा. रॅडक्सा एक्स४ सारख्या छोट्या बोर्डावरही तो मिळतो. त्याचा ग्राफिक्स भाग एच.२६४, एच.२६५, व्हीपी९ आणि एव्ही१ चारही उलगडतो आणि इंटेलचे खुले ड्रायव्हर मेसामध्ये फार पूर्वीपासून आहेत. सहा वॉट हा आकडा मात्र चिपचा आहे, पूर्ण बोर्डाचा नाही; जोर लागला की तो त्याहून पुष्कळ वर जातो आणि पंखा अटळ ठरतो.

शाळेतल्या प्रयोगशाळेसाठी पाय ४ किंवा पाय ५, किमान ४ जीबी मेमरीचा. पाय झिरो टू डब्ल्यूची किंमत मोहात पाडते, पण त्याच्या ५१२ एमबी मेमरीत आजचा ब्राउझर नीट मावत नाही. सेन्सर, कॅमेरा, छोटा सर्व्हर यांसाठी तो उत्तम.

कॅमेऱ्यातून माणसे, वाहने किंवा पिकावरची कीड ओळखण्याचे प्रयोग करणाऱ्यांना एन्व्हिडियाचे जेटसन बोर्ड खुणावतात. इथे २०१९ च्या जेटसन नॅनोचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. १२८ कोअरचा जीपीयू, पाच आणि दहा वॉटच्या दोन पायऱ्या, किंमत ९९ डॉलर. हार्डवेअर झकास होते. पण कंपनीने त्याचे अधिकृत सॉफ्टवेअर उबुंटू १८.०४ च्या पुढे नेले नाही, आणि त्या उबुंटूचा नेहमीचा आधार २०२३ मध्ये संपला. बोर्ड ठणठणीत असूनही नवी साधने त्यावर बसवताना विद्यार्थ्यांची दमछाक होते. जुना नॅनो स्वस्तात मिळतो म्हणून प्रकल्पासाठी घेऊ नये.

रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्याच्या बोर्डांविषयी उत्सुकता वाढते आहे आणि ती योग्यच आहे. व्हिजनफाइव्ह २ वर चार कोअरचा प्रोसेसर आणि इमॅजिनेशनचा जीपीयू आहे. शिकण्यासाठी तो घ्यावा, रोजच्या डेस्कटॉपसाठी अजून नको. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने व्हेगा मालिकेतले स्वदेशी रिस्क-फाइव्ह प्रोसेसर केले आहेत. तिच्या एरीज बोर्डावरची थेजस३२ ही १०० मेगाहर्ट्झची चिप मायक्रोकंट्रोलर वर्गातली आहे. दिवे, मोटारी, सेन्सर हे तिचे क्षेत्र; टीव्हीवर डेस्कटॉप दाखवण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नये.

पैसे देण्यापूर्वी दोन गोष्टी इंटरनेटवर पाहून घ्याव्यात. आर्मबियन ही प्रणाली त्या बोर्डाला पूर्ण आधार देते की फक्त हौशी लोकांच्या भरवशावर सोडते, हे तिच्या यादीत स्पष्ट लिहिलेले असते. आणि उत्पादकाच्या पानावर डाउनलोडसाठी ठेवलेल्या प्रणालीची तारीख व कर्नलचा क्रमांक पाहावा. २०२५ नंतरही तिथे फक्त ४.९ किंवा ५.१० चेच कर्नल असेल, तर त्या बोर्डाला उत्पादकाने वाऱ्यावर सोडले असण्याची शक्यता दाट आहे.

बोर्ड घरी आल्यावर तपासणी पहिल्याच दिवशी करावी, परत करण्याची मुदत संपण्याआधी. टर्मिनलमध्ये जीएलएक्सइन्फो ही आज्ञा चालवून ‘रेंडरर’ची ओळ वाचावी. तिथे व्ही३डी, पॅनफ्रॉस्ट, लिमा किंवा मालीचे नाव दिसले तर जीपीयू कामाला लागला आहे. ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसले तर सगळे चित्र प्रोसेसर काढतो आहे आणि ड्रायव्हर बसलेला नाही. मग फुल एचडी व्हिडिओ लावून, कोअरवरचा भार दाखवणाऱ्या एचटॉपमध्ये कोअर पाहावेत: पाय ४ वर एच.२६४ चालताना चारही कोअर भरलेले दिसले, तर उलगडणारे हार्डवेअर वापरले जात नाही. जुने लेख वाचून ओएमएक्सप्लेअर बसवण्याच्या फंदात पडू नये. नोव्हेंबर २०२१ च्या रास्पबेरी पाय प्रणालीपासून ग्राफिक्सची व्यवस्था खुल्या ड्रायव्हरकडे गेली आणि तो प्लेअर बाद झाला. त्याची जागा व्हीएलसीने घेतली आहे.

ड्रायव्हर नीट असूनही बोर्ड रखडत असेल तर संशय आधी अडॅप्टरवर घ्यावा. पायच्या पडद्यावर कोपऱ्यात विजेची खूण चमकली, तर पुरवठा ४.६३ व्होल्टच्या खाली गेला आहे आणि बोर्डाने स्वतःची गती कमी केली आहे. मोबाइलचा चार्जर आणि बारीक केबल हे त्याचे नेहमीचे कारण. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर, पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर द्यावा. पाय ५ तीन अँपिअरवरही चालतो, पण मग यूएसबी उपकरणांना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो आणि बाहेरची हार्डडिस्क अडते.

दुसरा संशय उष्णतेवर. पाय ४ आणि पाय ५ ची चिप ८० अंशांना पोचली की गती उतरवू लागते, ८५ ला आणखी दाबते. एखादा बोर्ड डब्यात बंद असताना भोवतालच्या हवेपेक्षा ४५ अंशांनी तापत असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ७० वर राहतो. तोच बोर्ड मे महिन्यात अकोला-चंद्रपूरच्या ४४ अंशांत ८९ वर जाऊ पाहील, म्हणजे सतत अडवला जाईल. परदेशी चाचण्यांमध्ये ‘पंख्याची गरज नाही’ असे लिहिलेले असते ते त्यांच्या हवेत. विदर्भ-मराठवाड्यात उघडा डबा, पूर्ण बोर्ड झाकणारा अॅल्युमिनियमचा हीटसिंक आणि पाय ५ ला पंखा हे खर्चात आधीच धरावेत. हिवाळ्यात बसवलेली यंत्रणा उन्हाळ्यात एकदा दुपारी दोन वाजता जाऊन तपासावी.

आणि घरात आधीच पडून असलेला पाय ३? त्याच्या व्हिडिओकोअर-४ ला २०४८ बिंदूंपेक्षा रुंद पोत हाताळता येत नाही, त्यामुळे त्याला फोर-के किंवा दोन पडद्यांच्या मागे लावू नये. फुल एचडीचा एक पडदा, एच.२६४ चे व्हिडिओ, सूचनाफलक, संगीताचा सर्व्हर, अॅनहोल्ट यांच्याच खुल्या ड्रायव्हरवर चालणारे जुने खेळ, एवढे तो आजच्या प्रणालीवरही करतो. २.५ अँपिअरचा चांगला अडॅप्टर आणि नवे मेमरी कार्ड एवढाच खर्च आहे. नवा बोर्ड मागवण्यापूर्वी ठरवलेले काम एकदा त्याच्यावर लावून पाहावे.